वैराचा समास

पाणिनीच्या व्याकरणात द्वंद्व समासाविषयी एक छोटासा नियम आहे. ज्यांचा विरोध शाश्वत आहे, अशांची नावे समासात एकत्र आली की तो समास एकवचनी होतो. साप आणि मुंगूस मिळून 'अहिनकुलम्', मांजर आणि उंदीर मिळून 'मार्जारमूषकम्'. जन्मजात वैरी व्याकरणात मात्र एकाच वचनाखाली नांदतात. याउलट, ब्राह्मणग्रंथांत देव आणि असुर एकमेकांपुढे उभे ठाकतात तेव्हा 'देवासुराः' असे बहुवचनच वारंवार भेटते. वैयाकरण याची उपपत्ती कशीही लावोत, साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक मार्मिक भेद दिसतो. साप आणि मुंगूस यांच्या वैराला इतिहास नाही, कारण नाही, म्हणून त्यातली दोन्ही माणसे (माणसे म्हणावयाचीच असतील तर) वेगळी मोजण्याची गरजच पडत नाही. एक सांगितला की दुसरा आलाच. देव आणि असुर ही मात्र एकाच पित्याची लेकरे. त्यांच्यात वाटणीचा तंटा आहे, फसवणुकीची स्मृती आहे, आणि समुद्रमंथनाच्या वेळी एकाच दोराची दोन टोके धरून त्यांनी एकत्र घाम गाळलेला आहे. त्यांचे वैर घडलेले आहे, म्हणून ते दोन आहेत आणि दोनच राहतात.

'द्वंद्व' या शब्दाला मराठीत समास आणि झुंज असे दोन्ही अर्थ आहेत, हा योगायोग असला तरी उपयोगी योगायोग आहे. मराठी बोलीनेही या प्रश्नाचा आपल्या परीने विचार केलेला दिसतो. ज्यांचे मुळीच पटत नाही त्यांच्यात 'विळ्याभोपळ्याचे सख्य' आहे असे आपण म्हणतो. यातील 'सख्य' हा शब्द उपरोधाचा आहे, हे खरेच. पण उपरोधालाही त्याखेरीज दुसरा शब्द सापडला नाही, हेही तितकेच खरे. मात्र या म्हणीत एक उणीव आहे. विळा भोपळ्याला चिरतो. भोपळा विळ्याला काही करू शकत नाही. चिरणारा आणि चिरला जाणारा यांच्यात जे असते त्याला वैर म्हणावे काय, हा नीतिविचारातला जुना आणि अवघड प्रश्न आहे. आणि तो प्रश्न आज सर्वाधिक ठळकपणे एका अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांत उभा राहतो.

या मालिकांचा विचार गंभीर समीक्षेत सहसा केला जात नाही. त्यांच्याकडे मुलांची करमणूक म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. परंतु नायक आणि प्रतिनायक यांची जोडी उभी करणे हे या प्रकाराचे मुख्य बांधकाम असल्याने वैराची कल्पना तेथे उघड्यावर पडते, आणि ती कोठे तडकते हेही स्पष्ट दिसते.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर अमेरिकेची 'स्टार ट्रेक' दाखवली गेली, आणि दशकाच्या अखेरीस तिच्याच वळणावर जाणारी 'स्पेस सिटी सिग्मा' ही मालिका आली. तिच्यात कॅप्टन तारा होता आणि त्याच्या विरोधात झखाकू होता. १९९७ साली 'शक्तिमान' सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. तिच्यात अंधाराचा अधिपती तमराज किल्विष होता. १९९८ साली केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' आली. मिलिंद सोमण यांनी रंगविलेला तिचा नायक कैदेतून निसटलेल्या गुन्हेगारांच्या पाठलागावर होता. त्या वेळी जे लहान होते त्यांना ही नावे आजही मुखोद्गत आहेत. पण त्यांना झखाकूला नेमके काय हवे होते असे विचारले, तर बहुधा उत्तर येत नाही. नाव राहिले, हसणे राहिले, वेष राहिला. वैर मात्र राहिले नाही.

याचे खापर सामान्यतः तुटपुंज्या साधनसामग्रीवर फोडले जाते. पुठ्ठ्याचे अंतराळयान, चंदेरी कापडाचे पोशाख, ओबडधोबड चित्रयुक्त्या, अशी कारणे सांगितली जातात. हे निदान टिकणारे नाही. १९८७-८८ साली त्याच दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे 'रामायण' चालू होते. तेथेही बाण हवेत तसेच चाचरत जात, मुकुट तसेच झगमगत. तरीही अरविंद त्रिवेदींचा रावण पडद्यावर आला की घराघरांत शांतता पसरत असे. रावणाच्या मागे एक बहीण होती, एक भाऊ होता जो सोडून गेला आणि दुसरा होता ज्याने चूक दिसत असूनही साथ दिली. शंकराची भक्ती होती, विद्या होती आणि त्या विद्येला न शोभणारी एक कृती होती. रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करण्यास राम बिभीषणाला सांगतो, आणि बिभीषण कचरतो. शत्रूचे मरणानंतर काही देणे लागते काय, हा प्रश्न त्या क्षणी विचारला जातो. किल्विषाचे अंत्यसंस्कार कोण करणार? त्याला मरणच नाही, कारण त्याला जन्म नाही. तो अंधार आहे; आणि अंधाराचे कोणी काही देणे लागत नाही.

'कॅप्टन व्योम'ची अडचण निराळी होती. तेथे एक गुन्हेगार गाठायचा, त्याला जेरबंद करायचे आणि पुढच्याकडे वळायचे. हे पोलिसी काम आहे. फौजदार आणि फरारी यांच्यात पाठलाग असतो, वैर असेलच असे नाही. वैराला वेळ लागतो. दोन माणसांनी एकमेकांना पुन्हा पुन्हा भेटून एकमेकांची किंमत करावी लागते. दर आठवड्याला नवा शत्रू देणारी रचना नायकाला शूर ठरवू शकते, पण त्याला कोणासमोरही उत्तर द्यायला लावू शकत नाही.

तेव्हा वैर जुळण्यासाठी काय लागते? ते प्रतिनायकाच्या बळावर ठरत नाही, हे झखाकूवरून दिसते. क्रौर्यावर ठरत नाही, हेही उघड आहे. पाश्चात्त्य परंपरेत विज्ञानकथेचा उगम ज्या कादंबरीपाशी नेला जातो, त्या मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'कडे (१८१८) पाहिले तर एक सूत्र हाती लागते. तेथे निर्माण केलेला जीव आपल्या निर्मात्याला गाठतो आणि त्याच्याकडे काही मागतो. त्याला एक सहचरी हवी आहे. मागणे न्याय्य आहे की नाही, याचा निर्णय वाचकालाही चटकन करता येत नाही. निर्माता आधी कबूल होतो आणि मग माघार घेतो. त्यानंतर जे वैर पेटते त्याला दोन बाजू आहेत, कारण मध्ये एक नाकारलेले मागणे आहे. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी यंत्रमानवावरच्या आपल्या कादंबरीला 'वामन परत न आला' हे नाव दिले, तेही याच दिशेने बोलके आहे. वामन मागतो. बळी देतो, आणि गुरूने सावध केले असतानाही देतो. त्या जोडीत कोण कोणाचा शत्रू आणि कोण कोणाचा ऋणी, हा प्रश्न महाराष्ट्र दर बलिप्रतिपदेला 'इडापिडा टळो' म्हणत आजही बळीच्या बाजूने सोडवीत असतो.

म्हणजे ज्या शत्रूला मागणे नाही तो खरे तर शत्रू नव्हे, संकट आहे. महापूर, साथ, उल्कापात यांच्याशी माणूस झुंजतो, पण त्यांच्याशी त्याचे वैर नसते. विज्ञानमालिकांतील कितीतरी प्रतिनायक मुखवटा चढवलेले महापूर असतात.

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील 'डॉक्टर हू' या दीर्घायुषी मालिकेच्या कर्त्यांना हे कामाच्या ओघात उमगलेले दिसते. १९६३ साली तेथे डालेक नावाचे यंत्रकवचातले प्राणी आले. ते अफाट लोकप्रिय झाले. पण ज्यांना फक्त संहार हवा आहे त्यांच्याशी नायकाने बोलायचे काय? १९७१ साली नायकाच्याच जातकुळीचा, त्याचाच जुना सोबती असलेला 'मास्टर' आणावा लागला. आणि १९७५ साली डालेकांचा निर्माता दावरोस हा माणसासारखा बोलणारा शास्त्रज्ञ उभा केला गेला. त्याच कथानकात नायक डालेकांच्या उगमस्थानी पोहोचतो. त्याच्या हातात दोन तारा असतात. त्या एकमेकींना टेकवल्या की सारी जात जन्मण्यापूर्वीच संपेल. तो थांबतो, आणि आपल्याला हा अधिकार आहे काय असे स्वतःला विचारतो. बारा वर्षे ज्यांच्याशी केवळ झुंज होती त्यांच्याविषयी प्रथमच नीतीचा प्रश्न उपस्थित झाला. डालेक तेच होते. त्यांना उगम मिळाला, आणि 'अहिनकुलम्' होते ते 'देवासुराः' झाले.

याच्या उलट प्रवासाचे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. 'स्टार ट्रेक'च्या कुळातली 'डीप स्पेस नाइन' ही मालिका १९९३ ते १९९९ या काळात चालली. बजोर नावाच्या ग्रहावर कार्डेशियन लोकांनी दीर्घकाळ सत्ता गाजवली आहे आणि ते नुकतेच निघून गेले आहेत, अशी तिची पार्श्वभूमी आहे. त्या राजवटीचा अखेरचा सुभेदार गुल दुकात; आणि ज्या अंतराळतळावरून तो राज्य करी तेथे आता बसलेला अधिकारी सिस्को. दुकातची खोली, दुकातची खिडकी, दुकातचे ओझे सिस्कोकडे आले आहे. या दुकातला एक विलक्षण मागणे आहे. त्याला बजोरच्या लोकांकडून कृतज्ञता हवी आहे. आपण आधीच्या सुभेदारांहून सौम्य होतो, आपण बालकामगार बंद केले, शिधा वाढवला, आणि तरीही या लोकांनी आपला एक पुतळासुद्धा उभारला नाही, हे त्याचे दुःख खरे आहे. रेल्वे दिली, तारायंत्र दिले, विद्यापीठे दिली हे ज्या देशाने दीडशे वर्षे ऐकले, तेथील प्रेक्षकाला हा माणूस ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. त्याची भीषणता त्याच्या क्रौर्यात जेवढी आहे त्याहून अधिक ती त्याच्या या दुखावलेपणात आहे. आणि सिस्कोपुढचा प्रश्नही खरा आहे: बुद्धिमान, विनोदी, मुलीवर जीव टाकणाऱ्या या मनुष्याशी हस्तांदोलन करायचे की नाही?

१९९८ साली एका भागात हे दोघे एका ओसाड ग्रहावर एकत्र अडकतात. जखमी सिस्को आणि भ्रमिष्ट होत चाललेला दुकात यांच्यातला संवाद हा या मालिकेचा कळसबिंदू आहे. मागणे तेथे अखेरचे मांडले जाते आणि अखेरचे नाकारले जाते. येथवर सारे उत्तम होते. यानंतर मात्र मालिकेने दुकातच्या अंगात पिशाच्च घातले. अग्निगुहांत कोंडलेल्या दुष्ट शक्तींचा तो दूत बनला, डोळे तांबडे झाले, आणि १९९९ च्या शेवटच्या भागात दोघे कड्यावरून ज्वाळांत कोसळले. ज्याला पुतळा हवा होता त्याला आता केवळ जग जळालेले हवे होते.

हे का घडले असावे? प्रेक्षकाला दुकातविषयी सहानुभूती वाटू लागेल ही भीती त्यामागे दिसते, आणि ती भीती सर्वस्वी अनाठायी नव्हती. पण तिच्यावर केलेला उपाय रोगापेक्षा वाईट ठरला. सत्तेने केलेल्या अन्यायाची जबाबदारी माणसावरून काढून भुताच्या माथी मारली गेली. ज्याच्या अंगात भूत आहे त्याला दोष कसा द्यायचा? गावातल्या अंगात आलेल्या बाईच्या बोलण्याचा राग कोणी धरीत नाही. दुकातला अधिक दुष्ट करण्याच्या नादात लेखकांनी त्याला निर्दोष करून ठेवले, आणि हे त्यांच्या लक्षात आल्याचे कोठे दिसत नाही. प्रतिनायकाचे दुष्टत्व इतिहासातून उचलून सृष्टीच्या मुळाशी नेऊन ठेवले की ते मोठे दिसते, पण त्याच क्षणी त्याच्यावर खटला भरण्याची सोय राहत नाही.

हा विचार घेऊन बंगळूरकडे वळले म्हणजे एक वेगळे दृश्य दिसते. भारतीय अंतराळ संशोधनाचे मुख्यालय ज्या शहरात आहे, भारतीय विज्ञान संस्था ज्या शहरात आहे, त्या शहराने विज्ञानमालिकांचा मोठा प्रवाह निर्माण केला असे म्हणता येणार नाही. पण दूरचित्रवाणीचा पडदा आणि त्याच्यासमोर उभे राहिलेले माणूस यांच्यातले वैर या प्रकारातल्या बहुतेक मालिकांपेक्षा खोल नेणारी कृती मात्र याच शहरात रंगभूमीवर आली. गिरीश कार्नाड यांचे 'ओडकलु बिंब' हे नाटक २००५ साली जे. पी. नगरातील रंगशंकरा नाट्यगृहात झाले. हे नाट्यगृह अरुंधती नाग यांनी शंकर नाग यांच्या स्मरणार्थ उभारले आणि ते २००४ च्या ऑक्टोबरात सुरू झाले होते. कन्नड प्रयोगात अरुंधती नाग आणि इंग्रजी प्रयोगात अरुंधती राजा, अशा दोन अरुंधतींनी ती एकपात्री भूमिका केली. दिग्दर्शन कार्नाड आणि के. एम. चैतन्य यांचे होते. कार्नाडांना हा पडदा परका नव्हता. दूरदर्शनवर १९८९ साली आलेल्या 'इंद्रधनुष' या मुलांच्या विज्ञानमालिकेत त्यांनी भूमिका केली होती, आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी 'टर्निंग पॉइंट' या विज्ञानविषयक कार्यक्रमाचे सूत्रसंचालनही केले होते.

नाटकाची मांडणी साधी आहे. मंजुळा नायक ही कन्नडमध्ये बेताची प्रसिद्धी लाभलेली कथालेखिका. तिच्या नावावर एक इंग्रजी कादंबरी येते आणि ती जगभर गाजते. कादंबरीवरील दूरचित्रपटाच्या प्रारंभी चार शब्द बोलण्यासाठी ती एका दूरचित्रवाणी केंद्रात आली आहे. भाषण होते, ती निघू पाहते, आणि पडद्यावरची तिची प्रतिमा तिला हाक मारते. यंत्राने टिपलेली प्रतिमा स्वतंत्र होऊन मूळ व्यक्तीची उलटतपासणी घेऊ लागते, हे विज्ञानकथेचेच गृहीतक आहे. निर्मितीने निर्मात्याला जाब विचारण्याची मेरी शेलीची कल्पनाच येथे स्टुडिओच्या दिव्यांखाली आली आहे. पुढे उलगडते ते असे: ती कादंबरी मंजुळाची नाही. ती तिच्या अपंग, चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या आणि आता हयात नसलेल्या बहिणीची, मालिनीची आहे.

या प्रतिमेजवळ शस्त्र नाही, सेना नाही, अंधाराचे साम्राज्य नाही. तिच्याजवळ आहे ती माहिती. मंजुळाला जे ठाऊक आहे तेवढेच तिला ठाऊक आहे, त्याहून एक अक्षर जास्त नाही. आणि म्हणूनच तिच्यापुढे पळवाट नाही. तिचे मागणेही एकच: खरे सांग. प्रयोगाच्या तंत्रातही या वैराचा एक कठोर नियम दडलेला आहे. पडद्यावरची प्रतिमा आधी चित्रित केलेली असते. रंगमंचावरील नटीने आपली वाक्ये तिच्या विरामांत बसवायची असतात. ती चुकली, अडखळली, तर प्रतिमा थांबत नाही. स्वतःच्याच आधीच्या शब्दाने माणसाला असे पेचात धरावे, ही गोष्ट केवळ रंगतंत्राची राहत नाही.

कार्नाडांना ही दृष्टी उतारवयात सुचली असे नव्हे. १९६४ च्या 'तुघलक'पासून ती त्यांच्याकडे होती. विजय तेंडुलकरांच्या अनुवादाने मराठी प्रेक्षकाला परिचित झालेल्या त्या नाटकात सुलतानाचा खरा प्रतिपक्षी कोणी अमीर किंवा शेख नाही. तो अझीझ नावाचा एक धोबी आहे. सुलतानाच्या न्यायप्रियतेचा फायदा घ्यायला तो ब्राह्मण होतो, सुलतानाच्या धर्मनिष्ठेचा फायदा घ्यायला खलिफाचा वंशज होतो. सुलतानाची प्रत्येक उदात्त योजना अझीझच्या हाती येऊन तिचे विडंबन होते. शेवटी दोघे समोरासमोर येतात तेव्हा अझीझ आपण सुलतानाचे सर्वांत निष्ठावंत शिष्य असल्याचा युक्तिवाद करतो, आणि सुलतान त्याला शिक्षा देऊ शकत नाही; दख्खनेत अधिकारपद देतो. १९७८ च्या 'ओंदानोंदु कालदल्ली' या कार्नाडांच्या चित्रपटातही, शंकर नाग आणि सुंदरकृष्ण अरस यांनी केलेले दोन भाडोत्री योद्धे भाऊबंदकीत गुंतलेल्या दोन धन्यांसाठी एकमेकांविरुद्ध लढतात. त्यांच्यात आदर आहे तो या कारणाने की दोघांनाही कसबाची किंमत कळते आणि ती त्यांच्या धन्यांना कळत नाही. जय-विजयांची कथा येथे आठवते. भक्त म्हणून सात जन्म की शत्रू म्हणून तीन, या निवडीत त्यांनी शत्रुत्व पत्करले, कारण त्या वाटेने लवकर पोहोचता येत होते. शत्रू भक्तापेक्षा अधिक एकाग्र असतो, हे आपल्या परंपरेने केव्हाच ओळखले आहे.

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. शत्रूमध्ये स्वतःचे रूप दिसलेच पाहिजे, त्याचे मागणे ऐकलेच पाहिजे, ही अट कोण घालतो? ज्याच्या घरावरून नांगर फिरला त्याने नांगर फिरवणाऱ्याचे अंतरंग समजून घ्यावे अशी अपेक्षा ठेवणे हा एक प्रकारचा दुसरा अन्याय नव्हे काय? 'डीप स्पेस नाइन'मध्येच किरा ही बजोरी स्त्री आहे, जी कोवळ्या वयापासून त्या राजवटीविरुद्ध लढली. दुकातविषयी तिला कुतूहल नाही. त्याच्या गुंतागुंतीच्या मनाचे तिला कौतुक नाही. सिस्कोला दुकात हा प्रश्न वाटू शकतो, कारण सिस्को बाहेरून आला आहे. किरापुरते ते उत्तर कधीच ठरून गेलेले आहे. विळा आणि भोपळा यांच्या सख्याविषयी भोपळ्याचे मत विचारले, तर ते असेच असेल.

आक्षेपाचे बळ मान्य करूनही त्याचा रोख नीट पाहिला पाहिजे. तो जोडीतल्या ओळखीवर नसून जोडीच्या आकारावर आहे. नायक आणि प्रतिनायक एकमेकांत इतके रंगून जातात की ज्याच्यामुळे त्यांचे वैर झाले तो तिसरा माणूस दृष्टीआड होतो. मराठी रंगभूमीवर याचे सर्वांत झणझणीत उदाहरण १९७२ चे 'घाशीराम कोतवाल' आहे. नाना आणि घाशीराम ही जोडी नाट्यदृष्ट्या निर्दोष आहे. त्यांच्यात करार आहे, मागणे आहे, एकमेकांची पुरती ओळख आहे. पण ज्या कराराने घाशीराम कोतवाल झाला त्याची किंमत गौरी आहे. तिला बोलायला फारसे मिळत नाही. ती नाचते, दिली जाते आणि मरते. तेंडुलकरांनी हे विसरून केले नाही. तिचे नसणे प्रेक्षकाला टोचावे अशीच ती रचना आहे, आणि ज्या प्रयोगांत नाना-घाशीरामाच्या जुगलबंदीला टाळ्या पडतात व गौरीचा मृत्यू एक नाट्यवळण म्हणून निघून जातो, ते प्रयोग लोकप्रिय होऊनही फसलेले असतात.

विज्ञानमालिकांतील पुष्कळशा गाजलेल्या जोड्याही या कसोटीला उतरत नाहीत. 'स्टार ट्रेक'मधील खान हा शत्रू १९६७ च्या एका भागात आला आणि १९८२ च्या चित्रपटात परतला. (उत्तर भारतातला शीख म्हणून कल्पिलेली ही व्यक्तिरेखा एका मेक्सिकन नटाने रंगवली, आणि भारतीय प्रेक्षकाने तीत काही ओळखीचे शोधू नये हेच बरे.) चित्रपटात खान आणि कर्क एकदाही एका खोलीत येत नाहीत, तरी त्यांचे वैर धगधगते, कारण खानाजवळ तक्रार आहे: आम्हांला ओसाड ग्रहावर सोडलेस आणि पुन्हा विचारपूस केली नाहीस, तेथे माझी पत्नी मेली. तक्रार रास्त आहे. परंतु ती पत्नी चित्रपटात कोठे आहे? तिचे मरण हे खानाच्या रागाचे इंधन म्हणून वापरले जाते, आणि त्या रागाच्या उजेडात सारे दिसते, ती सोडून.

'ओडकलु बिंब' येथे काय करते, हे पाहण्यासारखे आहे. मंजुळा आणि तिची प्रतिमा यांच्या द्वंद्वात तिसरी आहे ती मालिनी. संपूर्ण नाटकभर तिच्याविषयी बोलले जाते: तिचे आजारपण, तिची बुद्धी, आईवडिलांनी तिच्यावर केलेली माया आणि त्या मायेत मंजुळाचे मागे पडणे, मंजुळाच्या पतीशी जुळलेले तिचे मैत्र. प्रतिमा हळूहळू तिची वकील होते. मंजुळाचे म्हणणेही अगदीच खोटे नाही. अपंग बहिणीची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या बाईलाही एक मागणे असते, आणि ते तिला कधी मागता आले नाही. प्रेक्षकाची सहानुभूती अशी इकडून तिकडे हेलकावत असताना अखेरीस प्रतिमा आपण मालिनीच असल्याचे सांगते आणि मंजुळाचे नावगाव स्वतःकडे घेते. या शेवटाचा अर्थ समीक्षकांनी निरनिराळ्या प्रकारे लावला आहे. अपराधी मनाचा हा उद्रेक आहे असे काही मानतात. चोरी करणारीला चोरलेल्या ऐवजानेच गिळले असे काही म्हणतात. पण एक साधी गोष्ट त्यात सहसा नोंदवली जात नाही. मालिनीचे नाव उच्चारणारे ओठ मंजुळाचे आहेत. आवाज तिचा, साडी तिची, कपाळावरची कुंकवाची जागाही तिचीच. न्याय मागणारी आणि आरोपी यांना एकाच नटीने उभे केले आहे. ज्या बाईने ती कादंबरी लिहिली तिला या नाटकात रंगमंचावर किंवा पडद्यावर स्वतःचा चेहरा मिळत नाही, आणि तिने लिहिलेल्या त्या इंग्रजी कादंबरीचे मुखपृष्ठ मंजुळाच्याच नावाने बाजारात राहते.